आधी बैल, मग मोठेबाबा

मोठेबाबा हाताच्या वासावरून खरंखोटं ओळखत. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शिकायला मी महागावजवळच्या त्यांच्या घरी होतो. ताटावर बसताना ते विचारत, "बैल जेवले काय?" हो म्हटलं की माझा हात नाकाशी नेत. सरकीच्या ढेपेचा वास आला तरच पहिला घास घेत.

माणसांशी त्यांचं बोलणं अरे-तुरेचं. बैलांना मात्र 'चला जी' म्हणत. त्यांची बायको, माझी मोठीआई, चिडवायची, "मले कधी जी म्हटलं नाई यायनं." ते शांतपणे म्हणत, "तू कुठं वखर ओढते?"

मोठीआई गेली. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत गावातले गोठे एकामागून एक रिकामे झाले, त्यात आमचाही. मग मोठेबाबांची आठवण जाऊ लागली. आधी आमची नावं गेली, मग घराची वाट. दोनदा ते पार सडकेवर सापडले. शेवटी यवतमाळला, लोहाऱ्याकडच्या एका वृद्धाश्रमात त्यांना ठेवलं.

तिथे त्यांनी जेवण सोडलं. समोर ताट आलं की विचारायचे, "बैल जेवले काय?" त्यांना सांभाळणाऱ्या सुमनबाई म्हणायच्या, "जेवले जी, बाबाजी." मोठेबाबा त्यांचा हात हुंगत आणि ताट सरकवत. एकदा बाई हाताला ढेप चोळून आल्या. मोठेबाबांनी हात हुंगला, उलटापालटा करून पाहिला.

"अन् लाळ कुठं हाये?"

सुमनबाईंना हसू आलं, पण ताट तसंच परत गेलं. मोठेबाबांचा पायजमा कमरेवर ठरेना.

आश्रमात येणारे डॉक्टर म्हणाले, "शहरांत अशा पेशंटजवळ कुत्री नेतात. जनावराच्या सहवासानं माणूस निवतो." ते स्वतःचं कुत्रं घेऊन आले. मोठेबाबांनी त्याला मायेनं कुरवाळलं आणि विचारलं, "याले जुपता कुठं?"

मग सुमनबाईंनीच शेजारच्या शेतकऱ्याला गळ घातली. त्याचा म्हातारा बैल रोज संध्याकाळी आश्रमाच्या अंगणात येऊ लागला. मोठेबाबा त्याला ढेप चारत, ओला तळहात पायजम्याला पुसत आणि मुकाट जेवायला बसत. हळूहळू बाकीची मंडळीही बैलाभोवती जमू लागली. कुणी त्याची मान खाजवी. कधीच न बोलणाऱ्या एक आजी त्याला रागावत.

मला मात्र मोठेबाबा ओळखत नव्हते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो, तेव्हा खांदमळणी चालली होती. जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला ते हळद-तूप चोळत होते. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ते वळले. हात माझ्या खांद्यावर आला. बराच वेळ ते चोळत राहिले. सदरा पिवळा झाला. मागून सुमनबाई म्हणाल्या, "बाबाजी, हा तर माणूस होय." त्यांनी लक्ष दिलं नाही. मलाही त्यांनी तेच आवतन दिलं, तितक्याच हळू आवाजात.

पुढे कापूस वेचायच्या दिवसांत मोठेबाबा गेले. पण ते आवतन मी पाळलं होतं. पोळ्याच्या दुपारी बैलाला पुरणपोळी चारून झाल्यावर त्यांनी ताट माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसून राहिले. सुमनबाईंनी त्यांचंही ताट आणलं. त्यांनी हातानंच थांबा म्हटलं. मी शेवटचा घास गिळला, तेव्हा कुठे त्यांनी आपली पोळी मोडली.