लोट्याचं बूड
कल्हईवाल्याचा नवसागर जळल्याचा वास आला की मला घाटंजीचा बाजार आठवतो आणि डोकं तापतं. साठ-एकसष्ट साल असेल. मी जुनी भांडी घेऊन विकायचो. तांड्यावरच्या एका बाईने मांडलेला पितळी लोटा मी उलटा केला, तर बुडावर खिळ्याने कोरलेला पलटणीतल्या शिपायाचा नंबर दिसला. पहिले तीन आकडे माझ्या थोरल्या भावाच्या नंबरचे होते. तो ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला, तो परतलाच नाही. पुढचे आकडे काजळीत बुजले होते. तिथेच घासून पाहिलं असतं तर बाईने किंमत चढवली असती, म्हणून मी तोंड वाकडं केलं. "बूड गेलंय याचं. अर्ध्यात दे." "कायले देऊ? माह्या माणसानं मिल्ट्रीच्या लिलावातून आनला हाये." मी उठून चालू लागलो. गिऱ्हाईक निघालं की विकणारा हाक मारतोच. तिने मारली नाही. पुढच्या बाजारी लोटा लखलखत होता. "पाय भाऊ, तांबटाकडून नवं बूड बसवून आनलं. आता तं पुरे पैसे देशीन?" "आणि जुनं?" "मोडीत देल्लं. तूच म्हनला ना, गेलं म्हून?" मी शिव्या घालत तांबटाकडे धावलो, पण त्याने ते केव्हाच वितळवलं होतं. शेवटी लोटा तिने मागितलेल्या किमतीलाच घेतला. तो अजून घरात आहे. कुणाला विकत नाही, आणि थोरल्याचाच होता असं छातीठोक सांगताही येत नाही. राग मात्र मी अजून त्या बाईवरच काढतो.