धोटा माझ्याकडे आला तेव्हा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या शब्बाथशाळेत एक नियम आहे आणि तो मीच घातलेला आहे. रविवारी उपासनेआधी मुलं देवळाच्या व्हरांड्यात चादरीवर गोल बसतात. कापड विणायच्या मागावरचा एक जुना लाकडी धोटा हातोहात फिरतो. ज्याच्या हातात तो येईल त्यानं त्या आठवड्यातला देवाचा एक उपकार सांगायचा. उपकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा. खोटं चालत नाही. आणि सांगितल्याशिवाय धोटा पुढं देता येत नाही, शिक्षकालासुद्धा नाही.

यंदा झावळ्यांच्या रविवारानंतरच्या मंगळवारी माझे यजमान गेले. त्यानंतर सात रविवार मी देवळात गेले नाही. ईस्टरला, पुनरुत्थानाच्या पहाटेची गाणी घरात बसून ऐकली. देऊळ आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे. लोकांना वाटलं, बाईंना दुःख आवरत नाही. तसं काही नव्हतं. रडू येतच नव्हतं. मी वेळेवर उठत होते, पाणी भरत होते, वाचत होते. फक्त तो धोटा माझ्या हातात यायला नको होता. माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि मुलांसमोर खोटं सांगून पुन्हा त्या गोलात बसणं मला जमलं नसतं.

नियम मी का घातला तेही सांगते. सुरुवातीला मुलं पाढे म्हणावेत तसे उपकार म्हणत. आईसाठी, बाबांसाठी, अन्नवस्त्रासाठी, एका दमात, एक डोळा किलकिला ठेवून. मी शाळेत मराठी शिकवायचे. निबंधात कुणी 'निसर्गरम्य' लिहिलं की त्याखाली तांबडी रेघ मारायची माझी सवय. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, या आठवड्यात पाहिलेलं काहीतरी सांगा. मग सगळी एकदम बोलायला लागली. घरी येऊन यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "हातात कायतरी दे त्यांच्या. ज्याच्या हातात असंल तो बोलंल."

हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचे. बिनधोट्याचे नवे माग आले तेव्हा जुने धोटे भंगारात निघाले. त्यातला एक यांनी आणला. दोन्ही टोकांना लोखंड, मध्ये सुताची कांडी बसवायची खाच. एका टोकाचं लोखंड झिजून तिरकं झालेलं. लहान मुलं कांडीच्या जागी बोट घालून बसत आणि विचार करत. त्यांनी सांगितलेले उपकार मी वहीत लिहून ठेवत असे. नळाला दिवसा पाणी आलं. बाबा शिव्या न देता जेवले. आजीच्या तेलुगूतलं एक वाक्य मला कळलं. एका मुलानं सांगितलं होतं, "बाई, काल माझा मार भावाला बसला." त्यावर देवाचे उपकार मानावेत की नाही, याचा निकाल आम्ही दोन रविवार लावत होतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी वर्गात एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिचे वडील यांच्याच कारखान्यात मागावर होते. ते दुखण्यानं गेले. महिनाही झाला नव्हता आणि ती रविवारी आली. धोटा तिच्याकडं आला, ती गप्प. मी थांबले. मुलं चुळबुळ करायला लागली. मी म्हटलं, "आठव बाळ, काहीतरी असेलच." ती धोटा पुढं द्यायला लागली. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि धोटा तिच्याकडंच राहू दिला. शेवटी ती म्हणाली, "आमच्या शेळीला करडू झालं. ते माझ्या बोटाला लागलेलं दूध प्यायलं."

माझे डोळे भरून आले. पुढं किती वर्षं मी ही गोष्ट शिक्षकांच्या शिबिरांतून सांगितली. सर्वांत मोठ्या दुःखातही उपकार सापडतो, फक्त मुलाला थोडा वेळ द्यावा लागतो, असं म्हणायचे. लोक वहीत लिहून घ्यायचे.

त्याच दिवशी मी यांनाही सांगितलं होतं. हे शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "शेळी कधी घेतली त्यांनी?"

"घेतली असेल," मी म्हटलं.

"हं," म्हणाले आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले.

ती मुलगी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. यांच्या आजारपणापासून माझा वर्ग तीच घेते. सात आठवडे ती एक दिवसाआड दुपारी यायची, कधी भाकरी आणि वरण घेऊन, कधी नुसतीच. फार बोलायची नाही. एका शनिवारी भांडी विसळता विसळता म्हणाली, "बाई, उद्या या की."

"धोटा येईल माझ्याकडं."

"येईल."

"काय सांगू मी?"

तिनं नळ बंद केला. हात पुसले. "बाई, ते करडू खोटं होतं."

"कुठलं करडू?"

"आमच्याकडं शेळीच नव्हती. चाळीतल्या दोन खोल्यांत शेळी कुठं बांधणार ओ?"

"अगं, पण मी शिबिरांत..."

"ऐकलंय की मी. दोनदा. एकदा तर पुढच्या रांगेत होते." ती जरा हसली. "दुसऱ्यांदा तुम्ही करडाचा रंगपण सांगितला. तांबडा."

"मला तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही धोटा सोडत नव्हता, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं डबा पिशवीत घातला, चपला घातल्या आणि दारातून पुन्हा म्हणाली, "या उद्या."

ती गेल्यावर मी बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. लाज वाटायला हवी होती, तीही नीट वाटेना. जसं बाकीचं कळत होतं तसं हेही नुसतं कळलं. शेळी नव्हती. यांना ते तेव्हाच माहीत असणार. माझा आनंद मोडायला नको म्हणून गप्प राहिले, की मी स्वतः विचार करीन म्हणून? आता विचारायला माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. कशासाठी ते मलाही नक्की सांगता येणार नाही. घरात बसणं आणि तिथं बसणं यात फारसा फरक उरला नव्हता. मुलं पंधरा-सोळा होती. मला पाहून ती एकदम सभ्य झाली. एकीनं सरकून जागा दिली. तिच्या पलीकडून कुणीतरी कुजबुजलं, "बाईंचे ते गेले न्हवं." आणि त्याला चिमटा बसल्याचं ऐकू आलं.

धोटा फिरायला लागला. पाणी पहाटे आलं पण आईनं मला उठवलं नाही. सायकलची चेन मी स्वतः बसवली. मामाच्या शेतात, वळसंगला, मोराचं पीस सापडलं. "आणि ते कुठं हाय?" एकानं विचारलं. "घरी." "आणून दाव मग." "मग तुजा उपकार होईल तो, माजा न्हाई."

मग शेजारच्या मुलीनं धोटा माझ्या मांडीवर ठेवला.

मी झिजलेल्या टोकावरून बोट फिरवलं. आठवड्यात पाहिलेलं आठवून पाहिलं. औषधांचा डबा. यांची वहाण, जी मी आत घेतली नाही आणि टाकलीही नाही. भेटायला आलेले लोक म्हणत होते, इतकी वर्षं सोबत मिळाली, उपकार माना. ते खोटं नव्हतं. पण मी ते या आठवड्यात पाहिलेलं नव्हतं. सगळी मुलं माझ्याकडं पाहत होती. त्यांच्या चेहऱ्यावर तेच धीराचं, प्रेमळ वाट पाहणं होतं, जे मी त्यांना शिकवलं होतं. ते किती जड असतं हे मला पहिल्यांदा कळलं.

तेवढ्यात ती, आता त्यांची टीचर, समोरून उठली, गोलाच्या मधून चालत आली, वाकली आणि माझ्या मांडीवरचा धोटा उचलून पलीकडच्या मुलाच्या हातात दिला.

"टीचर, बाईंनी सांगितलं न्हाई!"

"माहितेय."

"पण नियम हाय की!"

"बदलला."

"कधी?"

"आत्ता. बोल, तुझा काय?"

तो मुलगा गोंधळला आणि म्हणाला, "माझा आता इसरलो." सगळी हसली. वर्ग पुढं गेला. मी शेवटपर्यंत बसून राहिले. प्रार्थनेत डोळे मिटले, पण काही मागितलं नाही.

तो आठवडा आधीच्या आठवड्यांसारखाच गेला. वहाण तिथंच आहे. अजून रडलेले नाही. पाळकसाहेब भेटून गेले, बरं बोलले, त्यातलं थोडं ऐकलं.

पुढच्या रविवारी धोटा पुन्हा फिरत आला. या वेळी शेजारच्या मुलीनं तो मला लगेच दिला नाही. टीचरकडं पाहिलं. टीचरनं माझ्याकडं पाहिलं. मी हात पुढं केला.

"मागच्या रविवारी माझ्याकडं सांगायला काही नव्हतं," मी म्हटलं. "तेव्हा कुणीतरी माझ्या मांडीवरून धोटा उचलून घेतला. मला काही विचारलं नाही. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."

मुलं विचारात पडली. मोराचं पीस घरी ठेवणाऱ्या मुलीनं हात वर केला. "टीचर, हे चालतंय का ओ? त्याला तर आठ दिवस झाले."

"नेमके आठ," टीचर म्हणाली. "चालतंय."

मी धोटा पुढं दिला.