मलई रंगाच्या गाडीवरचं कुंकू

दारव्ह्याच्या जिनिंगमागच्या बंगल्यात मथुराबाई रोज सकाळी एका गाडीला आंघोळ घालायची, आणि आंघोळ घालता घालता गाडीच्या मालकाला शिव्या घालायची. शिव्या मनातल्या मनात. हात मात्र मऊच चालायचा, कारण हात कडक झाला तर रंगाला चरा पडतो, आणि चरा पडला तर तिची नोकरी गेली असती. नोकरी गेली असती तर सूड राहून गेला असता. तेवढ्यासाठी ती गप्प होती.

मालक म्हणजे मनोहरबाबू, जिनिंगचा एकुलता एक वारस. काम काडीचं नाही आणि शौक राजाचे. मुंबईहून त्यानं दोन माणसांपुरती, टप नसलेली विलायती स्पोर्ट्स कार आणली. रंग साईसारखा, मलईचा. आपल्या रस्त्यांवर बैलगाड्यांचा धुरळा, वर कपाशीची पिंज उडत असते. ती गाडी जेवढी धावायची त्याच्या कितीतरी पट पुसली जायची. धुवायची कशी, मेणाचं पॉलिश गोल गोल कसं चढवायचं, फलालीनच्या फडक्यानं चमक कशी आणायची, हे बाबूनं स्वतः उभं राहून शिकवलं. शेवटचं पाणी टिपायला त्यानं हरणाच्या कातड्याचं मऊ फडकं आणलं होतं. कातडं म्हटल्याबरोबर बंगल्यातले गडी मागे सरले. स्वयंपाकीण तर त्या फडक्याच्या वाऱ्यालाही उभी राहीना. मग कुणाला तरी आठवलं की बौद्धवाड्यातली मथुरा आहे, तिला कातड्याचं काय! मथुराबाई आणि तिचा नवरा नागोराव यांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, देव सोडले, तरी गावाच्या डोक्यातलं कातडं काही सुटलं नव्हतं. असं तिला हे काम लागलं. आता गंमत बघा. बंगल्याच्या माठाला तिचा हात चालत नव्हता, आणि बाबूच्या जिवापेक्षा लाडक्या गाडीवर तिचा तळवा रोज इंच इंच फिरत होता.

नागोराव जिनिंगात कापसाची गाठोडी वाहायचा. एका दुपारी पाठीवर ओझं असताना त्याचा पाय सरकला. बाबू नुकताच गाडीतून उतरत होता, दार उघडं होतं. पडता पडता नागोरावानं दाराची कड धरली. हाताला बैलगाडीच्या आखाचं वंगण लागलेलं. मलई रंगावर काळा पंजा उमटला. बाबूनं तो पंजा पाहिला, आणि नागोरावाची बोटं फटीत असताना सगळ्या ताकदीनं दार लावलं. रागात. कळून सवरून.

मथुराबाई तिथंच होती, हातात तेच कातड्याचं फडकं घेऊन. नवरा खाली बसून कण्हत होता आणि बाबू तिला म्हणत होता, "पाहते काय? आधी हे पूस. वाळलं तर डाग राहील."

तिनं पुसलं. आधी वंगण, मग रक्त. हे तिला कधी विसरता आलं नाही. बाबूनं केलं ते केलंच, पण पुसलं तिनं. त्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती परत खाली उतरली नाही.

नागोरावाची उजव्या हाताची बोटं वाकडी बसली. पंचशीलाच्या गाण्यांना ढोलकी वाजवणारा माणूस, त्याला भाकरीचा तुकडा मोडायला डावा हात लागू लागला. दाद मागायची तर कुणाकडे? गावातले चार मोठे लोक बाबूच्याच ओसरीवर चहा पीत असत. नागोराव म्हणायचा, "सोडून दे व मथुरा. थ्या घरचं काम बी सोड." ती म्हणायची, "सोडन. पर असं नाही सोडन."

खिळ्यानं एक रेघ ओढली की झालं, असं तिच्या मनात रोज यायचं. पण रेघ कुणी ओढली ते शेंबडं पोरही सांगेल. मग पुन्हा नागोराव मार खाईल. तिला असं काही हवं होतं की बाबूचं काळीज जळावं आणि बोट दाखवायला माणूस सापडू नये.

ते तिला दसऱ्यानं दिलं.

बाबूची आई हंसाबाई सवाष्ण आणि मोठी सोवळ्याची. दसऱ्याला बंगल्यातल्या सगळ्या वाहनांची पूजा व्हायची. छकडा, सायकली, आणि शेवटी ही गाडी. तेलात कालवलेल्या कुंकवाचं मोठं स्वस्तिक म्हातारी गाडीच्या नाकाडावर, बॉनेटवर काढायची, स्वतःच्या बोटांनी, जाड. आणि एकदा पूजा झाली की मथुरेचा हात गाडीला लागायचा नाही. दसऱ्याला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, कारण त्या दिवशी बाबूची मामेमंडळी गाडी पाहायला यायची. तिसऱ्या सकाळी मथुराबाईनं यायचं आणि पुसायचं. इतर गडी तर कातड्याच्या भीतीनं गाडीजवळ फिरकत नव्हते. दरवर्षी कुंकू दोन दिवस आश्विनाच्या उन्हात तापायचं आणि तरी एका फडक्यात निघायचं. हंसाबाईला वाटायचं देवीची कृपा. कृपा देवीची नव्हती, मेणाची होती. मथुराबाई आधी दोन हात मेण चढवायची म्हणून कुंकू रंगापर्यंत पोचायचंच नाही.

एकसष्टच्या दसऱ्याला तिनं मेण चढवलं. दारांना चढवलं, मागच्या बाजूला चढवलं, चाकांवरच्या कमानींना असं चढवलं की तोंड दिसावं. बॉनेटचा मधला भाग मात्र तिनं धुण्याच्या सोड्यानं धुतला. सोडा लावू नको, जुनं मेण निघून रंग उघडा पडतो, हे बाबूनंच तिला पहिल्या दिवशी बजावलं होतं. मग तिनं कोरड्या फलालीननं तो भाग इतका घासला की चमकेत फरक कळेना.

बाबू तपासायला आला, हातात पाण्याचा तांब्या. ही त्याची नेहमीची परीक्षा. पाणी ओतायचं आणि अळवाच्या पानावरून पळावं तसे थेंब पळतात की नाही ते पाहायचं. त्यानं दारावर ओतलं, थेंब पळाले. मागे ओतलं, पळाले. तो पुढच्या बाजूला आला. मथुराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. उघड्या रंगावर पाणी पसरून बसलं असतं आणि सगळं तिथंच संपलं असतं.

"मालक," ती म्हणाली, "मोठ्या बाई ताट घेऊन ओसरीत आल्या. मी आता बाजूले होऊ का?"

हंसाबाई खरंच येत होती. ती लांबूनच ओरडली, "मथुरे, सरक व मागं! सावली पडून राह्यली तुही!" बाबूनं उरलेलं पाणी जमिनीवर टाकलं आणि आईसाठी वाट करून दिली. मथुराबाई सरकली. इतक्या आनंदानं ती आयुष्यात कधी मागे सरकली नव्हती.

म्हातारीनं स्वस्तिक काढलं. नेहमीपेक्षा मोठं. मथुराबाई फाटकातून ते डोळे भरून पाहून घेऊन घरी गेली, पांढरं लुगडं नेसली आणि नागोरावाबरोबर बौद्धवाड्यात वंदनेला बसली. दीक्षेचा दिवस तोच ना! वंदना म्हणताना वैर मनात ठेवू नये, हे तिला ठाऊक होतं. तिनं ठेवलं.

तिसऱ्या सकाळी तिनं फडकं फिरवलं. वरचं कुंकू निघालं, खालचं राहिलं. मलई रंगात तांबडं स्वस्तिक मुरलं होतं, कडांना तेलाचा पिवळा ओघळ. बाबू बाहेर आला आणि मटकन पायरीवर बसला.

"घास," तो म्हणाला.

"देवाचं हाय मालक," मथुराबाई म्हणाली. "मी बौद्ध. मोठ्या बाईनं आपल्या हातानं काढलेलं कुंकू मी कशी घासू? फडकं फिरवलं तेवढं बस झालं."

"घास म्हणतो ना!"

आतून हंसाबाई धावत आली. डाग पाहून तिनं हात जोडले. देवी घरात ठाण मांडून बसली, असं तिचं म्हणणं. "खबरदार कोणी घासलं तर! सौभाग्याचं कुंकू हाय थे. आन तिले तं हात लावूच देऊ नको!"

बाबू एकदा आईकडे पाही, एकदा मथुराबाईकडे. त्याला काहीतरी कळलं असावं, कारण त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. पण म्हणणार काय? कुंकू आईचं, विटाळ आईचा, दोन दिवस हात न लावण्याचा हुकूम आईचा. मथुराबाईनं फडकं घडी करून ओसरीच्या कडेला ठेवलं. "येतो मालक. आता माह्याच्यानं हे काम होत नाही," म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

घरी मात्र गेली नाही. रस्त्यापलीकडच्या निंबाखाली दगडावर बसली.

थोड्या वेळानं बाबूला राहवलं नाही. बनियनवर, गुडघे टेकून, तो स्वतः घासायला लागला. आधी मेणानं, मग रॉकेलनं, मग राखेनं. आई ओसरीतून रडत होती की पोरगा घरचं कुंकू पुसून राह्यला. जिनिंगचे मजूर कामावर जाता जाता थबकत होते. कधी कुणी बाबूला फडकं पिळताना पाहिलं नव्हतं. घासून घासून त्याची बोटं सोलली, रंग गेला, खालचा तांबूस अस्तराचा थर गेला, काळं लोखंड दिसू लागलं. स्वस्तिक आता लोखंडाचं झालं होतं.

मथुराबाईचं काळीज थंड झालं का? झालं. का खोटं बोलावं?

नागोराव तिला शोधत आला. त्यानं समोर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तिनं सोड्याची गोष्ट त्याला हळूच सांगितली. तो हसला नाही. वाकडी बोटं त्यानं बंडीच्या खिशात घातली.

"चाल घरी," तो म्हणाला. "चूल पेटवाची हाय."

"थांबा जरा," ती म्हणाली. "मले अजून पाह्यचं हाय."

नागोराव तिच्याशेजारी दगडावर जागा करून बसला, आणि दोघंही पाहू लागली.