आईच्या दगडावरचा झेंडू

भगताने पाण्यात तांदूळ टाकून माझ्या आईचं नाव काढलं आणि पाड्यावरच्या माणसांनी तिला भुताळीण म्हणून काठ्यांनी ठार मारलं. तिच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. मी म्हातारी झाल्यावर बदलापूरच्या शिकलेल्या माणसांनी त्या जागी तिच्या नावाचा दगड बसवला. दुसऱ्याच सकाळी शेजारीण त्यावर झेंडू वाहताना दिसली. मला बरं वाटलं. जवळ गेले तर ती पुटपुटत होती, “फुलं घे बये, पण माझ्या नातवाला सोड.” मी म्हटलं, “अगं, ती कुणाला धरत नाही.” “तू गप ऱ्हा, तू तिचीच पोर,” म्हणत ती लांब सरकली. अजूनही तिथे फुलं पडतात, वाहणारे सगळे घाबरलेलेच असतात. आईला ओढून नेलं तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. मी कोपऱ्यात लपून राहिले, म्हणून जगले.