नाला ओलांडेपर्यंत

आमच्या पांढुर्ण्यात कोणी म्हटलं, ‘खडकीच्या मारुतीला जायचं आहे,’ की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘प्रमिलाबाईला सांगितलं का?’ मारुती राहिला, पुजारी राहिला, आधी प्रमिला! आणि ही प्रमिला कोण, तर आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या देवीदास शिंप्याची बायको. देवीदासभाऊ मशीन चालवायचे, ही काजं-बटणं करायची. चारचौघींत उठून दिसावं असं तिच्यात काही नव्हतं. बोलणं तर इतकं कमी की शब्दाला पैसे पडतात असं वाटावं. ती कसर मी भरून काढायचे. मी बोलायला लागले की आमचे हे म्हणतात, ‘मंगलाची गिरणी सुरू झाली.’

एक आधीच सांगून ठेवते. माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कोणी मला शहाणपण शिकवायला येऊ नका.

खडकीला जायचं म्हणजे सौसरच्या पुढे मोहगावच्या रस्त्याला बस फाट्यावर सोडते. तिथून पायवाट. वाटेत नाला, नाल्यापलीकडे पळसाचं रान, आणि रानात मारुती. ज्याला बाहेरचं काही लागलं असेल त्याला शनिवारी तिथं नेतात. नाल्यात आंघोळ घालायची, मारुतीला शेंदूर वाहायचा, अंगावरचं जुनं कापड पळसाला बांधायचं. झालं, उतरलं. पण खरी रीत परतीच्या वाटेची आहे. देवळातून निघाल्यापासून नाला ओलांडेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. मागून हाक आली तरी ओ द्यायची नाही. कारण जे उतरलं ते मागंच उभं असतं आणि आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं. बापाच्या, नवऱ्याच्या, लेकराच्या. ओ दिली की ते पुन्हा घरात आलंच समजा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

एक्याऐंशी सालची गोष्ट. देवीदासभाऊंची धाकटी बहीण कमल लग्नाची झाली होती, आणि एकाएकी तिचं बोलणं बंद झालं. जेवण बंद. दिवेलागण झाली की कोपऱ्यात बसून करकर दात खायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, अंगावर काटा यायचा. नागपूरच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, ताईत झाले. शेवटी ठरलं, खडकीला न्यायचं.

देवीदासभाऊ, प्रमिला, कमल आणि प्रमिलाची पोरगी स्मिता. पाच-सहा वर्षांची असेल. घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी म्हटलं, “पोट्टीले ठेव माझ्यापाशी.” पण स्मितानं भोकाड पसरलं. तिला बसच्या खिडकीत बसायचं होतं. तिला मारुती नको होता, आत्याही नको होती, फक्त खिडकी पाहिजे होती. जाताना दारातून मला तिनं पाय दाखवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणाऱ्या गोटमारीच्या जत्रेतून घेतलेली गुलाबी चप्पल होती. वाढत्या पायाची म्हणून एक नंबर मोठी घेतलेली. आपण सगळेच घेतो.

कमलचं सगळं नीट झालं. परत निघाले तेव्हा देवीदासभाऊ पुढे होते, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं. प्रमिलानं कमलला दोन्ही हातांनी धरलं होतं, कारण कमलचे पाय लटपटत होते. बापाला वाटलं पोर आईपाशी आहे. आईला वाटलं बापाच्या पुढे पळते आहे. मागे पाहायचंच नाही, तर कळणार कसं?

आणि मागून हाक आली. “आई, थांब ना वं! माही चप्पल निघाली!”

प्रमिलानं ऐकली. कमलनं ऐकली. पुढे चालणाऱ्या देवीदासभाऊंनीही ऐकली. ते मान न वळवता म्हणाले, “पाहू नको, प्रमिला. तेच होय ते.” प्रमिलानं दात आवळले, मारुतीचं नाव घेतलं आणि चालत राहिली. हाक पुन्हा आली. मग रडण्याचा आवाज आला. प्रमिलानं मला पुढे सांगितलं, “मंगला, मले वाटलं, कसं वं हुबेहूब रडते हे! माह्या पोरीवानी!” मग तिनं पावलं आणखी भराभर टाकली. जरा वेळानं आवाज थांबला. तिला हायसं वाटलं. हायसं!

नाला ओलांडून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. स्मिता ना याच्यापाशी, ना तिच्यापाशी.

धावत गेले परत. वाटेत एक गुलाबी चप्पल उलटी पडलेली. बस, तेवढीच. रान पालथं घातलं, विहिरीत गळ टाकले, पोलीस आले, सौसरच्या बाजारात, मोहगावच्या घराघरांत विचारलं. कोणी म्हणालं जनावर, कोणी म्हणालं पोरं पळवणारे. दुसरी चप्पलही मिळाली नाही, पोरही नाही.

आणि कमल बरी झाली. हे मेलं सगळ्यात वाईट. आठ दिवसांत बोलायला लागली, भाकरी मागायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात लोधीखेड्याला लग्न करून गेली. बायका कुजबुजायच्या, एक घेतली आणि एक दिली. मी एकीला चांगली झापली, म्हटलं, “तुह्या जिभेले हाड हाय का नाही?” पण कमल माहेरी यायची नाही. आलीच तर वहिनीच्या डोळ्याला डोळा देत नसे.

प्रमिला वर्षभर घरातच होती. बटण टाकता टाकता मध्येच “ओ!” म्हणायची. कोणी हाक मारलेली नसायची. देवीदासभाऊ मशीन थांबवायचे, पुन्हा सुरू करायचे. त्यांनी तिला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, तिनंही त्यांना नाही. ‘पाहू नको’ कोण म्हणालं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्या घरात तिसरं माणूस असल्यासारखं ते बोलणं बसून असायचं.

मग एका शनिवारी ती एकटीच खडकीला गेली. आणि मग दर शनिवारी. तिथं करायची काय? देवळातून जे घर परतीला निघेल त्याच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी चालायची. कोणाचं पोर रेंगाळलं, कोणाची म्हातारी मागे पडली, की ही वळून बघायची, हाकेला ओ द्यायची, बोट धरून नाला ओलांडून आणायची. मागे वळून पाहणारी त्या वाटेवर ती एकटी.

पुजारी भिवाजीबुवा खवळले. “बाई, तू देवाची रीत मोडून राहिली. तुले लागीर होईन.”

ही म्हणाली, “मले आता काय लागाचं राह्यलं, बुवा?”

पुढे पुढे बुवाच लोकांना सांगायला लागले, “लेकरं प्रमिलाबाईच्या हवाली करा आन् पुढं चाला.” असं तिचं नाव झालं. लोक नारळ द्यायचे, लुगडं द्यायचे. ती हातही लावायची नाही.

मी एकदा रागानंच विचारलं. राग तिचा नव्हता, तिच्या सुजलेल्या पायांचा होता. “काऊन जीव काढून राहिली वं? पोट्टी असती तर आता केवढी झाली असती! ती काय तिथं उभी राहीन?”

ती शांतपणे म्हणाली, “ते मले कळते. पण तिनं हाक मारली आन् मी ओ नाही दिली. एक डाव तिनं हाक माराव, अन् मी ओ द्याव. बस. येवो का न येवो.”

मी उठले आणि तिच्या पायांना लावायला तेल गरम केलं.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात तिला धाप लागायला लागली. देवीदासभाऊ माझ्याकडे आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, “वहिनी, ऐकत नाही ते. आज तुमी जा ना सोबत.” मी तर त्या खडकीच्या वाटेला जायचं नाही असं ठरवलेलं. तरी गेले, कुरकुरत गेले. बसमध्ये मी तिला चांगलं ऐकवलं, देवाच्या नावानं हा काय वेडेपणा, म्हणून. ती हसून ऐकत होती. मांडीवर तिची पिशवी होती.

परत निघालो तेव्हा ऊन पळसाच्या शेंड्यावर गेलं होतं. पुढे मोहगावकडचं एक कुटुंब होतं, त्यांची पोरं त्यांच्या पुढे, सगळी डोळ्यांसमोर. प्रमिलानंच तशी लावून दिली होती. आमच्या मागे कोणी नव्हतं. ती दम खात, थांबत थांबत चालत होती. पुढचे लोक नाला ओलांडून दिसेनासे झाले. मी काहीतरी बोलत होते, बहुतेक वांग्याच्या भाजीचं.

आणि मागून आवाज आला. “आई, थांब ना वं.”

मी खोटं सांगत नाही. मला ऐकू आला. बारीक, रडवेला, पाठीमागे दहा पावलांवर असावा तसा.

माझी मान अशी ताठ झाली की लाकूड. जिचा काडीचा विश्वास नाही ती मी! वळायचं म्हटलं तरी वळता येईना. प्रमिलानं माझं मनगट पकडलं. “मंगला, तुले ऐकू आलं?”

“हाव,” मी म्हटलं.

“खरंच आलं?”

“आलं वं, आलं!”

सात वर्षं ती हाक तिच्या एकटीच्याच कानात होती. तिनं माझं मनगट सोडलं आणि ती वळली. “ओ! ओ माय! थांबली मी, थांबली!”

मी पुढेच पाहत उभी. मागे तिच्या बांगड्या वाजल्या. पिशवीचा आवाज झाला, मातीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. ती वाटेत सापडलेली गुलाबी चप्पल असणार. सात वर्षं ती पिशवीत वागवत होती, हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. मग ती बोलली. काजं करताना बोलायची तशीच, हळू.

“घाल. घाई नको करू. अंगठा आधी टाक.”

पोराला चप्पल घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती थांबली. मला त्या वेळात माझ्या दोन्ही पोरी आठवल्या, त्यांचे पाय, त्यांच्या चपलांचे नंबर. रडू फुटलं, पण मान वळली नाही. आजवर मला वाटायचं, मी असते तर वळले असते. देवाशपथ सांगते, तसंच वाटायचं.

“झालं? चाल,” प्रमिला म्हणाली.

आम्ही नाला ओलांडला. तिचा उजवा हात अंगापासून जरा बाजूला होता, मूठ अर्धी मिटलेली. धाप नव्हती. पलीकडे गेल्यावर मागे पाहायला हरकत नसते. मी नाही पाहिलं.

फाट्यावर बस आली. तीन माणसांचं एक बाकडं रिकामं होतं. मी सवयीनं खिडकीकडे सरकले. प्रमिलानं मला दंडाला धरून उठवलं. “तिथं नको बसू. तिले खिडकी लागते.”

एरवी मी तिला म्हटलं असतं, वेडी आहेस का? त्या दिवशी मी मुकाट्यानं उठले. ती मधे बसली, मी कडेला. खिडकीची जागा तशीच.

सौसरला ही गर्दी चढली. संत्र्यांची टोपली घेतलेला एक माणूस माझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला. म्हणाला, “बाई, सरका ना, जागा रिकामी हाय.” कंडक्टरनंही ओरडून सांगितलं, तिघं बसा, तिघं. प्रमिला माझ्याकडे पाहायला लागली. घाबरली होती बिचारी.

“डोळे फुटले का तुमचे?” मी कडाडले. सगळी बस वळून पाहायला लागली. “लेकरू बसलं हाय तिथं!”

पांढुर्णा येईपर्यंत त्या जागेवर मी कोणाला बसू दिलं नाही.