छापलेली रेषा

पाच वर्षांचे फोटो मी एका डोळ्यासाठी देऊन टाकले, आणि तो डोळाही वाचला नाही. घासाघीस करून मी आयुष्यात पुष्कळ मिळवलं. पनवेलच्या बाजारातला दवाखान्याचा गाळा, बंद पडलेल्या इस्पितळातला डोळ्यांचे फोटो काढायचा जुना कॅमेरा, मिठागरातल्या मजुराच्या पोराला कोणी सहज देत नाही असा कॉलेजातला प्रवेश. हा एकच सौदा बुडाला, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

नव्वदच्या दशकात मी मिठागरांत राबलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांचा अभ्यास करत होतो. वय झालं की काहींच्या डोळ्यामागच्या पडद्याचा नेमका मधला भाग खराब होतो. कडेचं दिसत राहतं, समोरचा चेहरा पुसला जातो. मिठाच्या लखलखाटात जन्म काढलेल्यांना हे जास्त होतं का, एवढाच माझा प्रश्न. दरवर्षी तीच माणसं बोलवायची, थेंब घालायचे, फोटो काढायचे. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातले विभागप्रमुख मला ऐकवायचे, "पनवेलला संशोधन? तिकडे लोखंड विकतात ना?"

माझ्या बापाच्या वेळचे मुकादम काका या अभ्यासात होते. त्यांचा उजवा डोळा आधीच गेलेला. सगळी भिस्त डाव्यावर. एका उन्हाळ्यात मिठागरातले दोघे मजूर तणतणत दवाखान्यात आले. "डॉक्टर, म्हाताऱ्याला आवरा. चांगला सरळ बांध दोनदा मोडायला लावला. आता तिसऱ्यांदा मोडा म्हणतोय."

मी गेलो. बांध दोरीसारखा सरळ होता.

"काका, काही वाकडं नाही हो."

"चार बुकं शिकलास म्हणून मला बांध दावतोस? मधीच पोट आलंय त्याला. नाय दिसत? मग तूच घाल डोळ्यांत थेंब!"

मजूर हसले. मला हसू आलं नाही. सरळ रेषेला मध्येच पोट येणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. त्याच दुपारी फोटो काढला. डाव्या पडद्यावर ताजं रक्त, मध्यबिंदूच्या अगदी शेजारी. तेव्हाच लेझरने ते थांबवता आलं असतं. मध्यावर पोचलं की संपलं.

लेझर मुंबईला, त्या विभागप्रमुखांच्या हाताखाली. रांग काही महिन्यांची. मी गेलो आणि सौदा केला: माझ्या सगळ्या म्हाताऱ्यांचे पाच वर्षांचे फोटो त्यांच्या अभ्यासाला, बदल्यात काकांना याच आठवड्यात तपासायचं. त्यांनी फोटोंचे खोके आधी मागितले. मी दिले. तिथेच चुकलो. माल आधी देणारा मी नव्हतो कधी.

ठरल्या दिवशी काकांना आत घेतलं. मला बाहेरच्या बाकावर बसवलं, "नातेवाइकांनी थांबायचं" म्हणून. पाच मिनिटांत काका बाहेर आले. कागदावर लिहिलं होतं: तक्रार नाही, तीन महिन्यांनी या.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "आत काय झालं?"

"चौकटी-चौकटीचं कार्ड दावलं. म्हणाले, रेषा सरळ हायत का?"

"मग? सरळ दिसल्या?"

"नाय. त्या बांधासारख्याच, मधी पोट."

"अहो मग सांगितलं का नाही?"

"अरे, छापलेली रेषा वाकडी कशी असंल? बांध माणूस घालतो, तो चुकतो. ते तर मशीननं छापलेलं. माझाच डोळा म्हातारा झाला असंल म्हणून सरळ म्हणालो. उगाच मोठ्या डॉक्टरला खोटं कशाला पाडायचं?"

वाशीच्या पुलाअलीकडे मी काकांना घेऊन उतरलो, टॅक्सी करून परत गेलो. विभागप्रमुख निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी एकटाच भेटलो.

"तुम्ही काकांचा फोटो पाहिलात का?"

"पाहिला. ठिपका आहे. पण पेशंटची तक्रार नाही."

"तक्रार आहे! कार्ड चुकीचं कसं म्हणणार, म्हणून गप्प बसला तो."

"काल सरळ, आज वाकडी. शिकवून आणलंत तर तो काहीही सांगेल. नोंदीत सरळ लिहिलंय."

मी टेबलावर हात आपटला. शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. तरीही मी त्यांच्या वरिष्ठांकडे गेलो, भांडलो, आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळवली. तिला पाच दिवस उरले असताना काकांच्या सुनेचा निरोप आला. सकाळी ताटातली भाकरी त्यांना दिसली नाही. मी फोटो काढला. रक्त मध्यावर पसरलं होतं.

मी खोके परत मागितले. उत्तर आलं, माहिती अभ्यासात समाविष्ट झाली आहे.

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. पण रात्रंदिवस डोक्यात घुमतो तो माझाच मूर्खपणा. मिठागरातच वाढलो, या लोकांना छापील गोष्टीचा किती धाक असतो ते जाणून होतो, आणि आत जाण्याआधी काकांना एवढंच सांगितलं नाही, "दिसेल तेच बोला, कार्डाची लाज राखू नका."

तसलंच कार्ड माझ्याही दवाखान्यात होतं, ते मी काढून टाकलं. भिंतीवर स्वतः दोऱ्या ताणून चौकटी बांधल्या. म्हातारं माणूस आलं की म्हणतो, "ह्या मी बांधल्यात, घाईत. कुठे चुकलो ते दाखवा."

लगेच दाखवतात. माझी चूक काढायला कोणी भीत नाही.