तीन नंबरची पेटी

आमच्या ताईला घाई कशाशी खातात ते ठाऊक नाही. शिवणयंत्रावर एक बाही चारदा उसवेल, पण वाकडी टीप राहू देणार नाही. मागच्या अंगणातल्या मधमाशांच्या सहा पेट्यांशीही तीच तऱ्हा. मी तिचा धाकटा भाऊ. सगळा जन्म ट्रक हाकण्यात गेला. माझं डोकं तापायला एवढं पुरे.

यंदा फुलोरा लवकर संपला आणि माशांची उपासमार सुरू झाली. ताई साखरेचा पाक करायची, पार निवला की ताटलीत ओतायची, वर काड्या टाकायची, म्हणजे माशा बुडत नाहीत. सोबत सोयाबीनच्या पिठाचा गोळा, कारण नुसत्या साखरेवर पिल्लं वाढत नाहीत म्हणे. आणि हे सगळं दिवस मावळल्यावरच, पेटीच्या आत, थेंबही न सांडता! तीन नंबरमध्ये तर जेमतेम ओंजळभर माशा उरलेल्या. आईने आणलेली मूळची पेटी ती. आई गेल्यावर ताईने त्या पेटीतलाच वंश जिवापाड जपला होता.

"अगं, भूक काय घड्याळ बघून लागते?" मी ओरडायचो. ती कारण सांगायला लागली की "बरं बरं" म्हणत चालता व्हायचो.

परवा ती शिवलेले कपडे पोचवायला गेली. भर दुपारी तीन नंबरच्या दाराशी माशा मरगळून रांगत होत्या. मला बघवेना. पातेलं उचललं आणि सढळ हाताने पाक ओतला. अर्धा बाहेर फळीवर सांडला. सांडू दे, म्हटलं, खातील बिचाऱ्या.

कसल्या खातायत! वासावर शेजारच्या पाचही पेट्यांतल्या माशा तुटून पडल्या. आत घुसून मारामारी, नुसती लूट. ताई आली, तिने धावत ओलं फडकं टाकलं, दार गवताने बुजवलं. झाकण काढलं तेव्हा पोळं कुरतडलेलं होतं आणि राणी तळाशी मेलेली.

"मी गाढव आहे, ताई. घाल शिव्या."

दिवस मावळल्यावर पाकाचं पातेलं तिने माझ्या हातात दिलं.

"पाच राहिल्यात. त्याही उपाशीच आहेत. आता घाल."

मी घातला. एक थेंब सांडला नाही. इतकी चीड मला जन्मात आली नव्हती, आणि ओरडायला समोर कुणी नव्हतं.